झेब्राफिशच्या गर्भात मेंदूचा कुठला भाग कुठे, हे ठरवतं कोण? (सेमिनार आहे, जाणकारांनी मदत करा प्लीज)

सोनकी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. एमएस्सी झूऑलॉजी, दुसरं वर्ष. आमच्याकडे सेमिनारचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटतात आणि माझ्या चिठ्ठीत निघालं "झेब्राफिश भ्रूणातील मेंदूची वाढ व जीन रेग्युलेशन". मैत्रिणीला रेशीमकिडा आला, तो निदान बघायला तरी मिळतो, आमच्या लॅबमध्ये मासा म्हणजे फॉर्मलिनच्या बरणीतला.

वाचन केलंय, अगदीच आयतं मागत नाहीये. पण जे काही वाचते त्यात जीनच्या नावांची यादी असते, ओटीएक्स२ पुढच्या आणि मधल्या मेंदूत, जीबीएक्स१ मागच्या मेंदूत, पॅक्स२ए दोघांच्या हद्दीवर, मग एफजीएफ८, मग विंट, मग हॉक्स... पाठ करून म्हणून दाखवेन हो, पण डोक्यात काही शिरत नाहीये. प्रत्येक पेशीत डीएनए तोच ना? मग पुढच्या पेशीला कोण सांगतं की बाई तू पुढची आहेस, तू हे जीन चालू कर आणि ते बंद ठेव? सरांना विचारलं तर म्हणाले मॉर्फोजेनचा (पेशींना त्यांची जागा सांगणाऱ्या रसायनाचा) ग्रेडियंट असतो, म्हणजे एकीकडे जास्त, एकीकडे कमी असा उतार. मी म्हटलं ग्रेडियंट कोण तयार करतं, तर म्हणाले दुसरे जीन. आणि त्या जीनना कोण चालू करतं? म्हणजे आधी कोंबडी की आधी अंडं!

दुसरं म्हणजे एक म्युटंट (जीन बिघडलेला मासा) वाचला, एफजीएफ८ बिघडलेला, त्यात म्हणे सेरेबेलमच (लहान मेंदूच) नसतो आणि बाकीचा मेंदू बऱ्यापैकी असतो. एफजीएफ८ तर शरीरात दहा ठिकाणी लागतो, मग गायब नेमका सेरेबेलमच का?

आणि तिसरा प्रश्न माझा नाही, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांचा, जो ते दरवर्षी सगळ्यांना विचारतात: "याचा माणसाला उपयोग काय?" त्यावर काय बोलू?

मत्स्यगंधा:

सोनकी, बिनधास्त अंडं आधी असं सांग, कारण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर खरंच अंड्यात आहे. मी पीएचडी झेब्राफिशवरच केली, मेंदूवर नाही पण शेजारच्याच विषयावर, त्यामुळे लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

पहिले साधारण तीन तास गर्भाचे स्वतःचे जीन जवळपास गप्प असतात. साडेअठ्ठावीस डिग्रीला ठेवलेलं अंडं पाऊण तासात पहिल्यांदा दुभंगतं, त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी, आणि हा सगळा कारभार आईने अंड्यात भरून ठेवलेल्या आरएनए (जीनच्या निरोपाच्या प्रती) आणि प्रोटीनवर चालतो. तो मालही अंड्यात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, त्यातला काही भाग एका बाजूला सरकवला जातो आणि ती बाजू पाठीची ठरते. म्हणजे पहिला फरक गर्भाच्या जीननी केलेलाच नाही, तो आईकडून आलाय. सरांनी ही एक पायरी खाली उतरून सांगितलं असतं तर तुझी कोंबडी तिथेच थांबली असती.

साधारण हजार पेशी झाल्या की गर्भाचा स्वतःचा जीनोम जागा होतो. जागं करणारेही आईचेच, पीओयू५एफ३, सॉक्स१९बी आणि नॅनॉग हे तीन ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जीन चालू-बंद करणारी प्रोटीन). आणि जागा झाल्यावर गर्भ जी पहिली कामं करतो त्यातलं एक म्हणजे आईचा माल साफ करणं. त्यासाठी मिर-४३० नावाचे बारीक आरएनए (मायक्रोआरएनए) भरमसाट तयार होतात, ते आईच्या शेकडो आरएनएना चिकटून त्यांची विल्हेवाट लावतात. मेंदूशी संबंध विचारशील तर २००५ चा एक फार सुंदर प्रयोग आहे. मायक्रोआरएनए तयार करणारं डायसर हे एन्झाइमच आईकडून आणि गर्भाकडून दोन्हीकडून काढून टाकलं. गर्भ तयार होतो, मेंदूचे पुढचे-मागचे भागसुद्धा बऱ्यापैकी आखले जातात, पण मेंदूला आकार येत नाही, घड्या आणि पोकळ्या नीट पडत नाहीत. मग त्यात फक्त मिर-४३० टोचलं आणि मेंदूचा आकार बराचसा सुधारला! म्हणजे जीन रेग्युलेशन म्हणजे फक्त "चालू करणं" नाही, जुना निरोप वेळेत पुसणं हाही त्याचाच भाग. सेमिनारमध्ये हे सांगच, यादी म्हणणारे हे हमखास विसरतात.

आता पुढे-मागे. सहा तासांच्या सुमारास पाठीच्या बाजूला पेशींचा एक उंचवटा दिसतो, त्याला शील्ड म्हणतात. तिथून निघणारी प्रोटीन बीएमपी नावाच्या सिग्नलला अडवतात आणि जिथे बीएमपी अडतं तिथे त्वचेऐवजी मेंदूची पाटी तयार होते. आणि गर्भाच्या कडेकडून विंट८ हे सिग्नल प्रोटीन येतं, कडेला जास्त आणि डोक्याच्या टोकाकडे कमी. हाच तुझ्या सरांचा ग्रेडियंट. जिथे विंट जास्त तो मागचा मेंदू, जिथे नाही तो पुढचा. म्हणजे पुढचा मेंदू बनवायचा तर विंटला दूर ठेवावं लागतं.

हे नुसतं म्हणणं नाही, म्युटंट आहेत. मास्टरब्लाइंड नावाचा मासा आहे, त्यात अॅक्सिन१ बिघडलेलं. अॅक्सिनचं काम विंटचा सिग्नल दाबायचं, ते बिघडलं की सिग्नल मोकाट सुटतो, आणि गर्भाला डोळे आणि पुढच्या मेंदूचं टोक येत नाही, त्यांची जागा मागचा भाग बळकावतो. दुसरा हेडलेस. त्यात टीसीएफ३ बिघडलेलं, जे विंट नसताना विंटने चालू होणारे जीन बंद करून ठेवतं. तिथेही डोळे, पुढचा मेंदू आणि मधल्या मेंदूचा काही भाग गुल. दोन वेगळे जीन, पण दोन्हीकडे विंटवरची वेसण सुटली आणि दोन्हीकडे डोकंच गेलं.

एफजीएफ८ चं संध्याकाळी लिहिते, आता अंडी गोळा करायची वेळ झाली. (आमच्याकडे सकाळ आहे. मासे दिवा लागला की अंडी घालतात, त्यांना आपल्या झोपेशी देणंघेणं नसतं.)

टाकीवाले_काका:

वाचतोय, छान माहिती. जीन वगैरे आपल्याला कळत नाही पण झेब्रा माझ्या टाकीत वीस-एक वर्षं आहेत म्हणून अवांतर लिहितो. हा मासा मूळचा आपलाच, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. हॅमिल्टन नावाच्या साहेबाने १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली. इथून गेला युरोप-अमेरिकेत अॅक्वेरियमवाल्यांकडे आणि तिथून शिरला प्रयोगशाळेत. कुर्ल्याच्या बाजारात पिशवीत बांधून मिळतो तोच हा. त्यावर एवढं संशोधन चालतं हे मुलीला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

एक शंका आहे, माझ्या टाकीत मादी फुगलेली दिसते, दुसऱ्या दिवशी बारीक होते, पण अंडी कधीच दिसत नाहीत. मला तुमचं ते डोकं तयार होताना बघायचंय. भिंगातून दिसेल का?

डॉ_हळद:

काकांच्या अवांतराला भर: अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी या माशाला जनुकशास्त्रात आणलं, त्यांचा गाजलेला पेपर १९८१ चा. मग जर्मनीत ट्युबिंगेनला आणि अमेरिकेत बॉस्टनला हजारो म्युटंट शोधायची मोठी मोहीम झाली, ती डिसेंबर १९९६ मध्ये एका जर्नलच्या अख्ख्या अंकात छापून आली. ट्युबिंगेनच्या क्रिस्तियाने न्युस्लाइन-फोलहार्ड यांना १९९५ चं नोबेल मिळालं ते फळमाशीवरच्या कामासाठी, माशासाठी नाही. सेमिनारमध्ये मुलं इथे हमखास घोळ करतात.

मी बालरोगतज्ज्ञ आहे म्हणून परीक्षकांच्या प्रश्नाचं मी बघतो.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल देतात ना, त्या गरोदरपणात घेतल्या तर बाळाच्या कानात, हृदयात आणि मेंदूत, विशेषतः मागच्या मेंदूच्या भागात दोष येतात. कारण ती व्हिटॅमिन ए च्या कुळातली, आणि रेटिनॉइक अॅसिड हाच मागच्या मेंदूचे टप्पे आखणारा एक मॉर्फोजेन आहे. झेब्राफिशमध्ये हे फार स्वच्छ दिसतं. रेटिनॉइक अॅसिड तयार करणारा जीन बिघडलेला मासा नेकलेस, आणि ते मोडून टाकणारा जीन बिघडलेला तो जिराफ. (नावं ठेवणाऱ्यांना दाद द्यायला हवी.) पाण्यात रेटिनॉइक अॅसिड जास्त टाकलं तर डोक्याकडचा भाग खुंटतो आणि पुढच्या पेशी मागच्यासारख्या वागायला लागतात. तयार करणारा एकीकडे, मोडणारा दुसरीकडे आणि मध्ये उतार. बाहेरून गोळी घेतली की तो उतार सपाट होतो. ओपीडीत त्वचारोगवाले गोळी द्यायच्या आधी प्रेग्नन्सी टेस्ट करायला लावतात त्यामागे हे आहे, तेवढं सांगितलंस तरी परीक्षक गप्प बसतील.

आणखी एक. पॅक्स२ए बिघडलेल्या माशाचं नाव नो इस्थमस. त्याच्या मेंदूची हद्द जातेच, पण डोळ्याची फट नीट मिटत नाही आणि मूत्रपिंडही बिघडतं. माणसात पॅक्स२ च्या एका प्रतीत दोष असला तर डोळ्याच्या मज्जातंतूत आणि किडनीत दोष असलेला आजार होतो, मात्र मेंदू सहसा ठीक असतो. का, ते मत्स्यगंधाताई सांगतील.

शंकासुर:

धागा चांगला चाललाय म्हणून मीठ टाकतो. सोनकी, तू जे पेपर वाचतेस ते कुठल्या सालचे आहेत ते आधी बघ. २००० नंतर दहा-बारा वर्षं लोकांनी मॉर्फोलिनो टोचून टोचून पेपर छापले. मॉर्फोलिनो म्हणजे एखाद्या जीनच्या आरएनएला चिकटून त्याचं काम थांबवणारा कृत्रिम तुकडा. एका पेशीच्या अवस्थेत टोचा, दुसऱ्या दिवशी बघा, डोकं लहान दिसलं की छापा "अमुक जीन मेंदूच्या वाढीसाठी अत्यावश्यक". २०१३ पासून क्रिस्परने (हवा तो जीन कापून बिघडवायच्या तंत्राने) खरेखुरे म्युटंट करता यायला लागले आणि २०१५ मध्ये एका गटाने तुलना करून दाखवली की मॉर्फोलिनोत दिसलेले साधारण ८० टक्के दोष म्युटंटमध्ये दिसतच नाहीत!

मेंदूच्या बाबतीत तर जास्तच घोळ, कारण बऱ्याच मॉर्फोलिनोमुळे पी५३ (पेशीला मरायला लावणारं प्रोटीन) चालू होतं आणि मेंदूतल्या पेशी पटापट मरतात. डोकं लहान आणि करडं दिसतं. तो जीनचा परिणाम नाही, टोचलेल्या मालाचं विष आहे. त्यामुळे लहान डोक्याचा फोटो दाखवून कोणी काही सिद्ध करत असेल तर आधी म्युटंट मागायचा. मी स्वतः हे काम सोडून आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा माझा कडवटपणा थोडा वजा करून वाचा.

मत्स्यगंधा:

शंकासुर, पी५३ चं अगदी बरोबर, पण अर्धंच सांगितलंत. म्युटंटमध्ये काही दिसलं नाही म्हणजे मॉर्फोलिनो खोटं, असंही दर वेळी नसतं. २०१५ मध्येच ईजीएफएल७ या जीनवर काम आलं, तिथे म्युटंट ठणठणीत होता कारण त्याने दुसरे जीन वाढवून उणीव भरून काढली होती. २०१९ मध्ये पुढचं कळलं की बिघडलेल्या जीनचा आरएनए पेशी मोडून टाकते आणि त्या मोडण्यामुळेच सारखेपणा असलेल्या भाऊबंद जीनना चालना मिळते. जीनचा आरएनएच तयार होऊ नये असा म्युटंट केला तर भरपाई होत नाही आणि दोष दिसतो. मॉर्फोलिनोत आरएनए तसाच मोडत नाही म्हणून भरपाईही नाही. म्हणजे म्युटंट हाही धुतल्या तांदळासारखा पुरावा नाहीच. गर्भ गप्प बसून तुमच्या प्रयोगाची वाट बघत नाही, तो तेवढ्यात आपली तजवीज करतो.

शंकासुर, कडवटपणा वजा केलाय, बाकी उरतंच.

आता सोनकीचा दुसरा प्रश्न, ज्यासाठी मी हा सगळा प्रपंच केला.

दहा तासांच्या आसपास मेंदूची पाटी सपाट असते. पुढच्या अर्ध्यात ओटीएक्स२ चालू, मागच्यात जीबीएक्स१. दोघं एकमेकांना दाबतात त्यामुळे मधली रेषा पुसट न राहता धारदार होते. त्या रेषेवर पॅक्स२ए, विंट१ आणि एफजीएफ८ चालू होतात. इथे नीट लक्ष दे: हे तिघं सुरुवातीला एकमेकांची वाट न बघता स्वतंत्र चालू होतात. एफजीएफ८ बिघडलेल्या माशात, ज्याचं नाव एसेरेबेलर, पॅक्स२ए ची पट्टी वेळेवर आणि जागेवर उमटते. पण नंतर ती आक्रसत जाते आणि २४ तासांपर्यंत पुसली जाते. उलटही खरं, पॅक्स२ए बिघडलेल्या माशात एफजीएफ८ आधी चालू होतं आणि मग टिकत नाही. म्हणजे काही तासांनी तिघं एकमेकांच्या आधाराने उभे असतात, एक काढला की बाकीचे कोसळतात.

तेव्हा "एफजीएफ८ सेरेबेलम बनवतं" असं लिहू नकोस. हद्द आखतं कोण आणि आखलेली हद्द टिकवतं कोण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एफजीएफ८ चं उत्तर दुसऱ्याला लागू पडतं. ती हद्द टिकली की तिथून निघणारं एफजीएफ८ दोन्ही बाजूच्या पेशींना सांगतं, पुढे मधल्या मेंदूचं छत, मागे सेरेबेलम. टिकली नाही की त्या जागच्या पेशी मरून जातात असं नाही, बऱ्याचशा मधल्या मेंदूसारख्या वागायला लागतात, म्हणून त्या माशात मधल्या मेंदूचं छत उलट मोठं दिसतं. सेरेबेलम "गायब" झाला यापेक्षा त्याची जमीन शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर गेली म्हण!

कोंबडीच्या गर्भात १९९६ मध्ये एफजीएफ८ मध्ये भिजवलेला मणी पुढच्या मेंदूच्या मागच्या भागात ठेवला तर तिथे नवा मधला मेंदू तयार झाला, इतका त्या सिग्नलचा वचक.

आणि एफजीएफ८ दहा ठिकाणी लागतो तरी बाकी शरीर का तगलं? कारण माशात इतर ठिकाणी त्याच घराण्यातले दुसरे एफजीएफ हात लावतात. उंदरात एफजीएफ८ पूर्ण काढला तर गर्भ गॅस्ट्रुलेशनच्या (पेशींचे थर पडण्याच्या पायरीच्या) पुढे जातच नाही, मेंदू बघायला उरतच नाही. डॉ_हळद यांच्या पॅक्स२ चंही असंच, उंदरात पॅक्स५ सोबतीला असतो, दोन्ही काढले तेव्हा मधला मेंदू आणि सेरेबेलम गेले. माणसात तर एक चांगली प्रत शिल्लक असतेच.

यात माशाची स्वतःची एक भानगड आहे. ३० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी या माशांच्या पूर्वजात अख्खा जीनोम दुप्पट झाला, म्हणून जीनच्या नावापुढे ए आणि बी. काही जोड्यांनी कामं वाटून घेतली, उदाहरणार्थ एनग्रेल्ड१ ची एक प्रत पुढच्या पराच्या कळीत चालते, दुसरी मागच्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या न्यूरॉनमध्ये. उंदरात दोन्ही कामं एकच जीन करतो. प्रोटीन जवळपास तेच, फरक पडला तो ते कुठे चालू होतं यात.

आणि ते ठरवतात एनहान्सर. जीनच्या शेजारी, कधी लाखो अक्षरं लांब पडलेले डीएनएचे छोटे तुकडे. त्यावर कुठले ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर बसलेत यावरून त्या पेशीत तो जीन चालू की बंद हे ठरतं. जिन्यातल्या एकाच दिव्याला प्रत्येक मजल्यावर वेगळं बटण असतं ना, तसं. पॅक्स२ए डोळ्याच्या देठात, मेंदूच्या हद्दीवर, कानात, मूत्रपिंडात चालू होतो, दिवा एकच, बटणं वेगवेगळी. "डीएनए सगळीकडे सारखाच, मग फरक कुठून" याचं उत्तर हेच, बटणंही सगळ्या पेशींत असतात पण दाबायला बोटं सगळीकडे नसतात.

डॉ_हळद:

बटणांवरून आठवलं. २००५ मध्ये माणूस आणि फुगू मासा यांचे जीनोम जुळवून साधारण १४०० तुकडे काढले, प्रोटीन न बनवणारे, तरीही ४० कोटींहून जास्त वर्षांत फारसे न बदललेले, आणि बहुतेक गर्भाची वाढ चालवणाऱ्या जीनच्या आसपास. त्यातले २५ तुकडे जीएफपीला (हिरवं चमकणाऱ्या प्रोटीनच्या जीनला) जोडून झेब्राफिशच्या गर्भात टोचले तर २३ चमकले, कोणी मेंदूत, कोणी डोळ्यात. २०१३ च्या जीनोम पेपरमध्ये ७० टक्के मानवी जीनचा जोडीदार झेब्राफिशमध्ये आहे असं आलं तो आकडा सगळे सांगतात, मला विचाराल तर हा २५ पैकी २३ चा आकडा जास्त बोलका आहे.

आणि परीक्षकांसाठी हुकमी एक्का: मेंदूचे दोन अर्धे वेगळे न होण्याचा एक जन्मजात दोष आहे, होलोप्रोसेनसेफली. अशा एका रुग्णात सॉनिक हेजहॉग जीनपासून साधारण ४ लाख ६० हजार अक्षरं लांब असलेल्या एनहान्सरमध्ये एकच अक्षर बदललेलं सापडलं, त्यामुळे सिक्स३ हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर तिथे नीट बसेना. ते काम २००८ चं. जीन शाबूत, बटण बिघडलं. नुसते जीन तपासणाऱ्या टेस्टमध्ये असा दोष निसटतो आणि आईबाप रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून हातात कागद घेऊन बसतात. मी पाहिलेत असे आईबाप.

सोनकी:

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली. पहिल्यांदा यादीला अर्थ आल्यासारखा वाटतोय.

मला वीस मिनिटं मिळणार आहेत त्यातली पाच प्रश्नांची, त्यामुळे सगळं नाही सांगता येणार. एकच प्रयोग नीट उलगडून दाखवायचा ठरवला तर कुठला? आणि मी हे डोळ्याने बघितलेलंच नाहीये, स्लाइडवर जांभळ्या पट्ट्या असलेलं चित्र टाकायचं आणि कोणी विचारलं ही पट्टी नेमकी काय आहे तर काय सांगू?

मत्स्यगंधा:

एसेरेबेलरमधली पॅक्स२ए ची पट्टी घे, एकाच जीनची तीन वेळची चित्रं, वरच्या ओळीत चांगला गर्भ आणि खाली म्युटंट. दहा तासांना दोन्ही ओळी सारख्या, मधल्या चित्रात म्युटंटची पट्टी अरुंद, २४ तासांना वर ठसठशीत आणि खाली कोरी. "आखणं वेगळं, टिकवणं वेगळं" हे त्या चित्रांतच दिसतं, जास्त बोलावंही लागणार नाही. मिर-४३० एका वाक्यात आणि बटणाचं शेवटी, परीक्षकांच्या प्रश्नाला राखून ठेव.

पट्टी म्हणजे काय तर ऐक. गर्भ फिक्स करतात, त्यात पॅक्स२ए च्या आरएनएला उलट जुळणारा आरएनएचा तुकडा रात्रभर मुरवतात, त्या तुकड्याला एक खूण अडकवलेली असते. दुसऱ्या दिवशी त्या खुणेला धरणारी अँटीबॉडी, आणि अँटीबॉडीवरचं एन्झाइम शेवटी रंग सोडतं. याला इन सिटू म्हणतात. म्हणजे पट्टी हा जीन नाही आणि प्रोटीनही नाही, त्या क्षणी त्या पेशीत त्या जीनचा आरएनए होता एवढंच ती सांगते. रंग चढताना समोर बसून राहावं लागतं, आधी नुसता पिवळसर गोळा दिसतो, मग हद्दीच्या जागी जांभळट छटा येते, मग कानाच्या दोन पिशव्या, मग मज्जारज्जूत सुटे सुटे ठिपके. जरा उशीर केला की अख्खं डोकं जांभळं आणि सगळं फुकट. म्हणून कोणी विचारलं की गडद पट्टी म्हणजे जीन जास्त चालू का, तर नाही म्हण, रंग किती वेळ ठेवला यावरही ते असतं. जास्त-कमी मोजायला वेगळ्या पद्धती आहेत, आता तर एकेका पेशीतले आरएनए मोजतात, २०१८ पासून अख्ख्या गर्भाचे तसे नकाशे आलेत.

बघायचंच असेल तर मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि पुण्यात आघारकर संशोधन संस्था, दोन्हीकडे झेब्राफिशवर काम चालतं. तुमच्या एचओडींकडून रीतसर ईमेल करून विचारा, विद्यार्थ्यांना दाखवायला बरेच जण तयार असतात.

शंकासुर:

तीन चित्रांच्या कल्पनेला +१. फक्त त्या चित्रांखाली "म्युटंट" असं ठळक लिही, मॉर्फोलिनो नाही. आणि नो इस्थमसचं उलट चित्र एखाद्या जास्तीच्या स्लाइडवर तयार ठेव, कोणीतरी "मग आधी कोण, पॅक्स की एफजीएफ" असं विचारणारच, तेव्हा ती काढायची.

टाकीवाले_काका:

माझा प्रश्न राहिलाच की मंडळी. अंडी जातात कुठे?

शंकासुर:

काका, खातात. स्वतःचीच. संध्याकाळी एक नर आणि एक मादी वेगळ्या भांड्यात काढा, मध्ये काहीतरी आडवं पारदर्शक लावून ठेवा आणि तळाला काचेच्या गोट्या पसरा. सकाळी दिवा लागला की आडोसा काढा, अंडी गोट्यांच्या फटीत पडतात, माशांचं तोंड तिथे पोचत नाही. तासाभराने मासे काढून अंडी स्वच्छ पाण्यात घ्या, पांढरी पडलेली फेकून द्या नाहीतर बुरशी धरते. पाणी २८ डिग्रीच्या आसपास. साध्या भिंगातून दुसऱ्या दिवशी डोळे आणि धडधडणारं हृदय दिसेल. मेंदूची ती हद्द बघायची तर मुलीच्या शाळेतला मायक्रोस्कोप मिळतो का बघा, कमी पॉवरवर, डोळ्याच्या मागे आणि कानाच्या पुढे एक खाच दिसते तीच.

टाकीवाले_काका:

गोट्या आणल्या. आडोशाला जुन्या फाइलचं प्लास्टिक चालेल ना?

मत्स्यगंधा:

चालेल, धुऊन घ्या, शाईचा कण राहायला नको. आणि सकाळी उठा मात्र, दिवा लागल्यावर अर्ध्या तासात खेळ आटोपतो.